थायमस : बाळाच्या प्रतिकारशक्तीची तालीम

"डॉक्टर, याची प्रतिकारशक्तीच कमी आहे. एखादे चांगले टॉनिक लिहून द्या." पावसाळा सुरू झाला की हे वाक्य दवाखान्यात दिवसातून चार-पाच वेळा तरी ऐकू येते. बहुतेक वेळा मूल अगदी ठणठणीत असते. बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणे यात काही वावगे नाही. ते मूल मधल्या काळात खेळते, खाते, वजनाने वाढते, तेव्हा त्याची प्रतिकारशक्ती आपले काम करीतच असते. अशा मुलाला टॉनिकची गरज नसते.

परंतु हजारो मुलांत एखादे बाळ असे जन्माला येते, की ज्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्याची जागाच नीट बनलेली नसते. हे बाळ जन्मतः गोरेगोमटे, गुटगुटीत दिसते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून मात्र न्यूमोनिया, जुलाब, तोंडातला न हटणारा पांढरा मुरमा असे दुखणे सुरू होते आणि वर्षाच्या आत खेळ आटोपतो. आपल्याकडे अशा मृत्यूची नोंद 'न्यूमोनिया' किंवा 'जुलाब' म्हणून होते. खरे कारण कोणालाच कळत नाही. पुढचे मूलही तसेच गेले, तर बोट मात्र आईकडे दाखवले जाते.

हे खरे कारण शोधण्यात एका बोटभरही लांब नसलेल्या माशाचा फार मोठा वाटा आहे. आजचा लेख त्याविषयी.

यौवनलोपी ग्रंथी

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या थोडी वर, थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. जन्मतः तिचे वजन साधारण १० ते १५ ग्रॅम असते. मूल वयात येईपर्यंत ते ३० ते ४० ग्रॅमपर्यंत वाढते आणि नंतर ग्रंथी हळूहळू आटून तिच्या जागी चरबी येते. म्हणूनच मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे समर्पक नाव आहे.

१९६० पर्यंत या ग्रंथीचा उपयोग काय, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक नव्हते. उलट, मोठी थायमस बाळाचा श्वास कोंडते असा समज होता आणि ती आटावी म्हणून अमेरिकेत हजारो तान्ह्या बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडण्यात आले. त्यांपैकी काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाल्याचे १९५० मध्ये लक्षात आले. लहान बाळाच्या छातीच्या एक्स-रेत दिसणारी थायमसची रुंद सावली हा आजार नसून ते निरोगीपणाचे लक्षण आहे, हे त्यातून मिळालेले शहाणपण.

१९६१ मध्ये लंडन येथे जॅक मिलर या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ती पिल्ले खंगत गेली आणि साध्या जंतुसंसर्गाने मेली. त्यांच्या अंगावर दुसऱ्या उंदराची कातडी लावली, तर ती परकी असूनही तशीच राहिली. म्हणजे आपले कोण आणि परके कोण हे ओळखणाऱ्या पेशी थायमसमध्ये तयार होतात, हे सिद्ध झाले. थायमसच्या आद्याक्षरावरून त्यांना 'टी पेशी' म्हणतात. रक्तातील लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत बहुसंख्य याच असतात. दुसऱ्या प्रकारच्या 'बी पेशी' जंतूंविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करतात. पण टी पेशींच्या मदतीशिवाय त्याही बऱ्याच अंशी पंगू ठरतात.

थायमस म्हणजे टी पेशींची तालीम, असे समजा. कोवळे पठ्ठे बाहेरून येतात, वस्तादाच्या हाताखाली तयार होतात आणि पारखून मगच मैदानात सोडले जातात. शंभर पठ्ठ्यांत जेमतेम चार-पाच या परीक्षेतून पार पडतात. जे निरुपयोगी असतात किंवा आपल्याच शरीरावर हात उचलतील असे असतात, ते तालमीतच संपवले जातात.

मासाच का?

ही तालीम बाळ आईच्या पोटात असतानाच उभी राहते. तिथे डोकावून पाहणार कसे? उंदराचे पिल्लूही पोटातच वाढते. त्यामुळे शास्त्रज्ञांची नजर झेब्रा माशाकडे वळली. अंगावर निळे पट्टे असलेला, तीन-चार सेंटिमीटर लांबीचा हा मासा शोभेच्या माशांच्या दुकानात सर्रास मिळतो. मूळचा तो आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. १८२२ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी, आणि तेही पेशाने डॉक्टरच होते. अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी हा मासा नावारूपाला आणला. त्यांचा महत्त्वाचा निबंध १९८१ चा. आज आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशावर काम चालते.

या माशाची अंडी शरीराबाहेर फलित होतात आणि पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते. एका दिवसात हृदय धडधडू लागते. दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्यातून बाहेर येते. अडीच-तीन दिवसांत डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कल्ल्यांच्या कप्प्यापाशी, थायमसचे दोन कोंब दिसू लागतात. चौथ्या दिवशी तिथे टी पेशींची घडण सुरू झालेली असते. जे पाहायला माणसात कित्येक आठवडे लागले असते, ते इथे सोमवार ते शुक्रवार सूक्ष्मदर्शकाखाली उघड्या डोळ्यांनी दिसते.

आता, मासा कुठे आणि माणूस कुठे, असे कोणी म्हणेल. पण माणसाच्या गर्भालाही सुरुवातीला गळ्याच्या बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारखे कप्पे असतात. माणसात त्यांचे कल्ले होत नाहीत. कान, जबडा, गळ्यातल्या ग्रंथी असे अवयव होतात. त्यांपैकी तिसऱ्या कप्प्यातून थायमस तयार होते. शिवाय २०१३ मध्ये या माशाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोड सापडली. जनुक म्हणजे शरीर घडवण्याच्या मोठ्या पोथीतली एक ओळ. पोथ्या वेगळ्या असल्या तरी थायमसच्या अध्यायातल्या पुष्कळ ओळी दोघांत जवळपास सारख्या निघाल्या.

बिघडलेली ओळ कशी शोधतात?

यंत्राचा कोणता भाग काय काम करतो हे कळण्यासाठी एकेक भाग काढून पाहावा, तशी ही पद्धत आहे. नर माशांना जनुकांत बिघाड करणाऱ्या रसायनाच्या पाण्यात ठेवतात आणि त्यांच्या पिढ्या वाढवतात. बहुतेक बिघाड असे असतात, की आई व बाप दोघांकडूनही बिघडलेली ओळ आली तरच परिणाम दिसतो. म्हणून दोन पिढ्यांनंतर भावंडांचाच आपसात संबंध घडवून तिसऱ्या पिढीतली पिल्ले तपासतात. (ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे आपल्या घरातल्या सोयरिकीकडे वळताना ती उपयोगी पडेल.) जर्मनीतील ट्यूबिंगेन आणि अमेरिकेतील बोस्टन येथील प्रयोगशाळांनी अशा हजारो बिघाडांची यादी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीतच फ्रायबुर्ग येथे टॉमस बोएम यांच्या गटाने नेमकी थायमस हेरली. पाच दिवसांच्या पिल्लाच्या थायमसमधील टी पेशींना रंग चढवायचा. निरोगी पिल्लात डोक्यामागे दोन ठिपके उमटतात. ज्या पिल्लात ठिपके उमटत नाहीत, त्याचे बिघडलेले जनुक शोधून काढायचे.

अशा अभ्यासांतून आणि उंदरांवरील संशोधनातून तालीम उभी राहण्याचा क्रम उलगडला. तो असा :

पहिली पायरी, जागा आणि इमारत. गळ्याचे कप्पे नीट पडण्यासाठी टीबीएक्स-१ हे जनुक लागते. ते बिघडलेल्या एका माशाला चित्रकार व्हॅन गॉगचे नाव दिले आहे, कारण त्याच्या कानाची घडण बिघडलेली असते. कानाबरोबर त्याचे कल्ल्यांचे कप्पे आणि थायमसही बिघडते. हा बिघाड टीबीएक्स-१ मध्ये आहे, हे २००३ मध्ये कळले. कप्पा पडल्यानंतर तिथल्या पेशींना 'वस्ताद' बनवण्याचे काम फॉक्सएन-१ हे जनुक करते.

दुसरी पायरी, पठ्ठ्यांना हाक. रक्तपेशींचे मूळ बीज दुसरीकडे असते. माणसात हाडांच्या मगजात, माशात मूत्रपिंडात. थायमसच्या पेशी काही रसायने सोडतात आणि कोवळ्या पेशी त्या हाकेच्या दिशेने येऊन आत शिरतात.

तिसरी पायरी, दिशा. आत आलेली पेशी टी व्हायची की बी, हे अजून ठरलेले नसते. वस्ताद पेशी तिला एक खूण देते. त्या यंत्रणेला 'नॉच' म्हणतात. ही खूण मिळाली तरच ती टी पेशी होते.

चौथी पायरी, खुराक. इंटरल्यूकिन-७ हा पेशींचा खुराक. तो घेण्यासाठी पेशीच्या अंगावर एक विशिष्ट ग्राहक असावा लागतो. तो ग्राहक बिघडलेल्या माशात टी पेशींची वाढ खुंटते.

पाचवी पायरी, स्वतःचा डाव. प्रत्येक टी पेशी वेगळा जंतू ओळखते. त्यासाठी ती आपल्या जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडते. ही कातर म्हणजे रॅग-१ आणि रॅग-२ ही जनुके. ही कातर नसेल तर टीही नाहीत आणि बीही नाहीत.

इथे मासा आणि माणूस यांतला एक फरक सांगितला पाहिजे. रॅग-१ नसलेला झेब्रा मासा प्रयोगशाळेच्या स्वच्छ पाण्यात मोठा होतो, अंडीही घालतो. त्याची जन्मजात, प्राथमिक संरक्षण यंत्रणा त्याला तारून नेते. माणसाच्या बाळाला मात्र उपचारांवाचून ते जमत नाही. म्हणून माशावरून घेतलेला धडा माणसात पडताळूनच वापरावा लागतो.

हेच बिघाड आपल्या बाळांत

वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक पायरीचा बिघाड माणसांत आढळतो.

पहिल्या पायरीचा बिघाड त्या मानाने जास्त दिसतो. २२ व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असतो आणि त्यातच टीबीएक्स-१ असते. साधारण चार हजार बाळांमागे एकात हा दोष असतो. १९६५ मध्ये डॉ. डी-जॉर्ज यांनी त्याकडे लक्ष वेधले. अशा बाळाला हृदयाचा जन्मजात दोष, टाळूचा दोष आणि कॅल्शियम कमी होऊन येणारे झटके असे त्रास होतात. वरवर पाहता हृदय, कॅल्शियम आणि थायमस यांचा काय संबंध? पण कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथीही गळ्याच्या त्याच कप्प्यांतून तयार होतात. म्हणून हृदयात दोष असलेल्या बाळाला झटके आले, तर कॅल्शियम आणि लिम्फोसाइट दोन्ही पाहावीत. यांपैकी बहुतेकांची थायमस लहान असते. ती अजिबात नसणे विरळा.

फॉक्सएन-१ बिघडलेले उंदीर केसांविना जन्मतात आणि त्यांना थायमस नसते. १९९६ मध्ये इटलीतील दोन सख्ख्या बहिणींत हेच चित्र आढळले : डोक्यावर केस नाहीत आणि टी पेशी दुबळ्या. १९९९ मध्ये त्यांचे तेच जनुक बिघडल्याचे सिद्ध झाले.

खुराकाच्या पायरीचा बिघाड जगाला माहीत झाला तो अमेरिकेतील टेक्सासच्या डेव्हिड नावाच्या मुलामुळे. १९७१ मध्ये जन्मलेला हा मुलगा जंतुविरहित प्लॅस्टिकच्या खोलीत बारा वर्षे वाढला आणि १९८४ मध्ये मरण पावला. त्याच्या आजाराचे जनुक १९९३ मध्ये सापडले. ते इंटरल्यूकिन-७ च्याच ग्राहकाचा एक भाग घडवते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार बहुधा मुलग्यांनाच होतो आणि आईच्या बाजूने येतो.

टी पेशी नसलेल्या या सर्व बाळांच्या स्थितीला 'सिड' असे नाव आहे. अमेरिकेत सुमारे ५८ हजार बाळांमागे एकाला ती आढळते. तिथे २००८ पासून टप्प्याटप्प्याने, जन्मतः टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर तिची तपासणी सुरू झाली आणि २०१८ अखेर ती सर्व राज्यांत पोचली. आपल्याकडे ही तपासणी सरसकट होत नाही. म्हणून पालक आणि गावातला डॉक्टर यांनाच डोळे उघडे ठेवावे लागतात.

आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, घराण्याचा इतिहास. आधीचे एखादे मूल वर्षाच्या आत जंतुसंसर्गाने गेले आहे का? आईचे भाऊ, मावशीची मुले तान्हेपणी गेली आहेत का? आई-वडील नात्यातले आहेत का? आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अजूनही आहे. एका आजोबांची बिघडलेली ओळ नातवाकडे आणि नातीकडे गेलेली असेल आणि त्या दोघांचे लग्न झाले, तर बाळाला दोन्हीकडून तीच ओळ मिळण्याचा संभव वाढतो. प्रयोगशाळेत माशांच्या बाबतीत जे मुद्दाम घडवतात, तेच इथे नकळत घडते. असे दोन वाहक एकत्र आले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक असते.

दुसरी गोष्ट, साधी रक्ततपासणी. हिमोग्राम सगळीकडे होतो. एकूण पांढऱ्या पेशींना लिम्फोसाइटच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागायचे. पेशी ६००० आणि लिम्फोसाइट २० टक्के, तर आकडा १२०० येतो. मोठ्या माणसाला हा आकडा चालतो, तान्ह्या बाळाला नाही! बाळाच्या रक्तात लिम्फोसाइट मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतात. पहिल्या काही महिन्यांत हा आकडा ३००० च्या खाली आला, तर तपासणी पुन्हा करावी आणि पुन्हा तसाच आला तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे. कागदावर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा पुष्कळदा मोठ्या माणसांची असते, तिच्यावर विसंबू नये. आकडा ठीक असूनही बाळ वारंवार गंभीर आजारी पडत असेल, तर पुढील तपासण्या कराव्याच लागतात. मुंबईत परळ येथे, केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा बाळांच्या खास तपासण्या होतात.

तिसरी गोष्ट, लसींची. बीसीजी, तोंडावाटे द्यायचा पोलिओ डोस आणि रोटाव्हायरस यांत दुबळे केलेले पण जिवंत जंतू असतात. निरोगी बाळाला ते अपाय करीत नाहीत, उलट तारतात. टी पेशी नसलेल्या बाळात मात्र बीसीजीचे जंतू अंगभर पसरू शकतात. म्हणून घरात पूर्वी असे मृत्यू झाले असतील, तर बाळंतपणाच्या वेळीच डॉक्टरांना सांगावे. लस द्यायची की थांबायचे हे ते ठरवतील. या परिच्छेदाचा अर्थ 'लसी टाळा' असा कोणीही काढू नये. इतर सर्व बाळांना सर्व लसी वेळेवरच द्याव्यात.

चौथी गोष्ट, अशी शंका असलेल्या बाळाला रक्त द्यायची वेळ आली, तर ते किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेलेच द्यावे. रक्तातल्या दात्याच्या टी पेशी या बाळावरच उलटू शकतात.

उपचार आहेत

सिडवर मुख्य उपचार म्हणजे जुळणाऱ्या दात्याचा, शक्यतो सख्ख्या भावंडाचा अस्थिमगज बसवणे. इथे वेळेला फार महत्त्व आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत साडेतीन महिन्यांच्या आत मगज मिळालेल्या बाळांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती. जंतुसंसर्ग चालू असताना मगज दिलेल्या मोठ्या बाळांत हे प्रमाण निम्म्यावर आले. ज्या बाळाला थायमसच नाही, त्याच्या बाबतीत नुसते पठ्ठे आणून भागत नाही, तालीमच उभारावी लागते. इतर बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या थायमसचे तुकडे प्रयोगशाळेत तयार करून अशा बाळाच्या मांडीच्या स्नायूत बसवतात. या उपचाराला अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. तालीम छातीऐवजी मांडीत उभी राहते आणि तरीही पठ्ठे तयार होतात!

काही वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातील एक बाई तीन महिन्यांचा मुलगा घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. आधीचे दोन मुलगे पाच-सहा महिन्यांचे होऊन गेलेले. "बाई, हिच्या पदरात पोर टिकत नाही," असे सासूबाई माझ्या नर्सला माझ्यासमोरच सांगत होत्या. मुलाचा लिम्फोसाइटचा आकडा पाचशेच्याही आत होता. मुंबईला निदान झाले, पण फुफ्फुसात संसर्ग भिनलेला असल्याने ते बाळ वाचले नाही. मात्र आजाराला नाव मिळाले, जनुक सापडले. पुढच्या खेपेस तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी करता आली. ते मूल निरोगी जन्मले आणि आज शाळेत जाते. निदानाचा कागद मी सासूबाईंना वाचून दाखवला, त्यानंतर त्या घरात पोर न टिकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही, असे त्या बाईंनी नंतर सांगितले.

टॉनिकच्या बाटलीने थायमस तयार होत नाही, आणि ज्याची ती निरोगी आहे त्याला बाटलीची गरज नाही. तिला खरोखर आटवणारी आपल्याकडची मोठी गोष्ट म्हणजे कुपोषण. उपाशी मुलाची थायमस वयाआधीच आक्रसते. सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, त्यानंतर डाळ, भात, अंडे, शेंगदाणे असा घरचा आहार आणि वेळेवर लसी, एवढे केले म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव बाळांची तालीम आपोआप चालते. उरलेल्या एखाद्या बाळासाठी पालकांनी आणि डॉक्टरांनी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात :

* वर्षात दोन किंवा अधिक वेळा न्यूमोनिया.
* औषधाने न हटणारा किंवा पुन्हा पुन्हा येणारा तोंडातला मुरमा.
* महिनाभर न थांबणारे जुलाब आणि न वाढणारे वजन.
* बीसीजीची जागा चिघळत जाणे आणि त्याबरोबर ताप, वजनात घट. (काखेत नुसती छोटी गाठ येणे निरोगी बाळातही घडते.)
* हृदयदोषाबरोबर कॅल्शियमच्या कमतरतेचे झटके.
* घरात पूर्वी तान्ही मुले दगावल्याचा इतिहास.

यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी त्याच आठवड्यात बाळाचा हिमोग्राम करावा आणि लिम्फोसाइटचा आकडा स्वतः मांडून पाहावा.